माउस तुमच्याच हातात राहू द्या

प्रश्न : मी ७३ वर्षांची, कराडला राहते. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी तीन वह्यांत उतरवून ठेवल्या आहेत. कागद आता पिवळे पडून तुटायला लागलेत. नातवाने त्याचा जुना कॉम्प्युटर दिलाय. सून म्हणते, "आई, मोबाइलवर नुसतं बोला, आपोआप टाइप होतं, हा खटाटोप कशाला?" हात थोडा थरथरतो. काही दाबलं आणि बिघडलं तर, अशी भीतीही वाटते. या वयात शिकावं का?

उत्तर : ताई, शिका. आणि ओव्यांसाठीच शिका.

सूनबाईंचं म्हणणं चिठ्ठीचपाटीपुरतं बरोबर आहे. पण ओवीत आई "व्हता" म्हणाली असेल तर मोबाइल पुष्कळदा त्याचा "होता" करून टाकतो. आईची बोली तशीच राहायला हवी असेल तर अक्षर न् अक्षर तुम्हीच टाइप करायला हवं.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. २००६ साली मी माझ्या वडिलांना कॉम्प्युटर शिकवायला बसले. ते हायस्कूलात गणित शिकवायचे, फळ्यावर त्यांचं वर्तुळ कंपास न लावता गोल यायचं. बाण पडद्यावर नेमका कुठे न्यायचा ते त्यांना सापडेना. मी त्यांच्या हातातून माउस घेतला, "असं करा" म्हणत दोन मिनिटांत सगळं करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते बसले नाहीत, नंतरही कधी नाही. आज वाचनालयात दर बुधवारी मी ज्येष्ठांना शिकवते, तेव्हा माझे हात पाठीमागे बांधलेले असतात. नातवालाही हेच सांगा : तोंडाने सांग, माउसला हात लावू नकोस.

पहिला आठवडा पत्ते खेळा. सॉलिटेअर उघडा आणि पान उचलून दुसऱ्या पानावर नेऊन ठेवा. हाताला वळण लागतं ते यातूनच. थरथरीमुळे दोनदा झटपट क्लिक जमत नसेल तर एकदाच क्लिक करून एंटर दाबा, तेच काम होतं. चुकून मजकूर पुसला गेला तर कंट्रोल धरून झेड दाबा, परत येतो. बँकेचं काम मात्र सध्या या कॉम्प्युटरवर करूच नका, म्हणजे ती एक धास्ती उरणार नाही.

मराठीसाठी नातवाकडून इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे याच कळांवर मराठी अक्षरं उमटवणारी मांडणी, चालू करून घ्या. तो विंडोजमध्ये असतोच, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. काना, मात्रा, वेलांटी डाव्या हाताला. व्यंजनं बहुतेक उजव्या. इंग्रजी के या कळेवर क, शिफ्ट धरून के दाबलं की ख. एलवर त, शिफ्टसकट थ. तुमची बाराखडी पाठ आहे, निम्मं काम तिथेच झालं. "ओवी" लिहून बघा : शिफ्ट धरून ए म्हणजे ओ, मग बीवर व, मग आरवर दीर्घ वेलांटी. जोडाक्षराला मधे डी दाबायचं, तो पाय मोडतो. "जात्या"मधला त्य म्हणजे त, डी, य. कळांवर चिकटवायला देवनागरी अक्षरांचे स्टिकर मिळतात, ते लावून घ्या.

आणि चष्मा! बायफोकल असेल तर खालच्या भिंगातून बघायला तुम्ही हनुवटी वर कराल आणि अर्ध्या तासात मान धरेल. पडदा थोडा खाली घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून हातभर अंतराचा वेगळा चष्मा करून घेतलात तर फारच छान. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणींना "जमत नाही" वाटत होतं, ते खरं तर दिसत नव्हतं.

रोज अर्धा तास, दोन ओव्या, इतकंच करा. सवड मिळेल तेव्हा "पारी" या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प नातवाकडून उघडून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगाव फिरून आपल्या सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या लाखावर ओव्या त्या संग्रहात आहेत. काही तर गाणाऱ्या बायकांच्या आवाजातच ऐकायला मिळतात. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. तुम्हीही पहिल्या पानावर सगळ्यात आधी आईचं नाव टाइप करा, तिचं माहेरचं गाव आणि सासरचं गाव, दोन्ही. वह्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, टाकू नका.