आबांना बोटीनं कॅम्पबेल बेला न्यायचंय

प्रश्न: आमचे आबा फौजेतून रिटायर झालेत, वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या पलटणीतले दोघंजण सत्तरच्या दशकात निकोबारात, कॅम्पबेल बे गावाला जमीन मिळाली म्हणून तिकडंच कायमचे राहिले. आता आबांनी धोशा लावलाय, एकदा भेटायचंच अन् तेही बोटीनंच जायचं. घरातले सगळे नको म्हणतेत. न्यावं का? – एक वाचक, उदगीर

उत्तर: न्या, अन् पुढच्या वर्षावर ढकलू नका. कॅम्पबेल बे ज्या बेटावर आहे त्या ग्रेट निकोबारवर १९६९ पासून सरकारनं माजी सैनिकांची तीनशेवर कुटुंबं वसवली, त्यात पंजाबची होती तशी आपल्या महाराष्ट्राचीही होती, अन् ती पिढी आता आबांच्याच वयाची किंवा त्याहून थोरली आहे, म्हणून तिकिटाच्या आधी ते दोघं आहेत का, कुठं आहेत हे पक्कं करा. कॅम्पबेल बेच्या ग्रामपंचायतीला किंवा तिथल्या पोस्टमास्तरला आबांच्या हातचं पत्र धाडा, पलटणीचं नाव अन् दोघांची पूर्ण नावं लिहून. लहान गाव आहे, फौजी माणूस सापडतो.

आता बोटीचं. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर समुद्रानं बाराशे किलोमीटरच्या आसपास, तीनेक दिवस लागतात, या वयात तेवढं नको वाटतं मला. उदगीरहून हैदराबाद गाठा, पुढं चेन्नईवरून विमानानं पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून नाव श्री विजयपुरम झालंय, कागदावर तेच दिसंल). तिथून कॅम्पबेल बे मात्र बोटीनं, म्हणजे आबांची हौसही राहते. हे अंतरसुद्धा पाचशे किलोमीटरच्या वर आहे अन् बोट मधी कार निकोबार, कामोर्टा अशी थांबत गेली तर दोन-तीन दिवस सहज जातात. बंक (सगळ्यांसोबतची झोपायची जागा) स्वस्त पडतो पण आबांसाठी केबिनच घ्या, खालच्या मजल्यावर मधोमध मिळाली तर उत्तम, तिथं हेलकावा कमी लागतो. मळमळीची गोळी बोट हलायच्या आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही, अन् बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारूनच. बोटीचं वेळापत्रक हवामानावर हलतं, तवा परतीचं विमान चार-पाच दिवस सैल धरा. जानेवारी ते एप्रिल समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. निकोबारचा बराचसा भाग आदिवासी राखीव आहे, वाटेतल्या बेटांवर पासशिवाय उतरता येत नाही, त्यामुळं कोणते कागद लागतात ते पोर्ट ब्लेअरच्या उपायुक्त कार्यालयात बुकिंगच्या आधीच विचारा.

एक गोष्ट आबांशी इथंच, घरी बसून बोला. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत तिथल्या किनाऱ्यावरच्या वस्त्या गेल्या, माणसं गेली, बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाखालची जमीनच सुमारे चार मीटर खचली अन् बुंध्याला समुद्र लागला. ज्या घरातून मित्रानं कधीकाळी पत्र धाडलं असंल ते घर आज नसंल, नारळ-सुपारीची बाग नसंल, घरातलं माणूसही नसंल. आबांनी आपणहून विचारू नये, मित्र बोलला तर ऐकावं, नाही बोलला तर पलटणीच्या गप्पा पुष्कळ आहेत.

सोबत ज्वारीचं पीठ अन् काळा मसाला न्या, भरपूर न्या, दोन्ही घरांना पुरंल एवढा. अन् हां, तिकडं घड्याळ आपलंच पण सूर्य साडेपाचच्या आसपासच बुडतो, म्हणून आबांना भेटीगाठीला सकाळीच बाहेर काढा.