देओर म्हणजे देवर नव्हे

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

जुन्या इंग्रजी शब्दांची तुझी यादी मिळाली. बेचाळीस शब्द आणि प्रत्येकापुढे एकेक गोष्ट. रात्री वाचायला घेतली आणि 'पॉश'पाशी अडलो. तू लिहिलंस की मुंबईला येणाऱ्या साहेबांना बोटीवर सावलीकडची खोली हवी असायची, येताना डावीकडची, परतताना उजवीकडची; म्हणून तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' असा शिक्का बसायचा आणि त्याच्या आद्याक्षरांचा झाला 'पॉश'. मीही ही गोष्ट वर्गात कित्येक वर्षं रंगवून सांगितली आहे. पण असं तिकीट आजवर एकालाही दाखवता आलेलं नाही, आणि शब्द रुळल्यावर बऱ्याच वर्षांनी ही गोष्ट छापून येऊ लागली. चांगले कोश 'मूळ अनिश्चित' एवढंच म्हणतात. तूही तेवढंच म्हण. एक खूणगाठ बांधून ठेव: आद्याक्षरं जुळवून शब्द करायची हौस विसाव्या शतकातली. त्याआधीच्या शब्दाची कुणी अशी फोड केली की आधी संशय घ्यायचा. 'गोल्फ' म्हणजे 'जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' ही गोष्ट त्याच जातीची, ती सरळ खोडून टाक.

'लॉर्ड' मात्र तू बरोबर लिहिलास, पण एका ओळीत उरकलास. तिथे रेंगाळायला हवं होतं. जुन्या इंग्रजीत 'ह्लाफ' म्हणजे पाव, आजचा लोफ. 'वेआर्द' म्हणजे राखणदार. ह्लाफवेआर्द झिजत झिजत लॉर्ड झाला. 'लेडी' ही ह्लॅफ्दीये, पावाचं पीठ मळणारी. तिसरा शब्द तुझ्या यादीतून सुटला: ह्लाफॅता, पाव खाणारा, म्हणजे त्या घराच्या अन्नावरचा चाकर. इंग्लंडातल्या केंटच्या एथेलबर्ट राजाचे कायदे सातव्या शतकाच्या सुरुवातीचे, त्यांत तो येतो. राखणारा, मळणारी, खाणारा. अख्खं घर एका पावाभोवती. आपल्याला इथे 'पोशिंदा' आठवणारच. शब्दांचं नातं नाही, विचाराचं आहे, आणि हे वाक्य लिहायचं विसरू नकोस, कारण वाचक न सांगता सोयरीक जुळवून मोकळा होतो.

सोयरिकीवरून तुझ्या सतराव्या शब्दाकडे येतो. 'डिअर', म्हणजे हरीण, याचं जुनं रूप 'देओर'. ते बघून तू पुढे प्रश्नचिन्ह टाकलंस: 'देवर?' प्रश्नचिन्ह टाकलंस म्हणून वाचलीस. देओर म्हणजे कुठलंही जनावर. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्येसुद्धा उंदीर-घुशींना 'लहान डिअर' म्हटलंय. पुढे शिकारीतलं मुख्य जनावर तेवढं त्या नावाला चिकटून राहिलं. आपल्या 'मृग'चंही हेच झालं. मृग म्हणजे आधी कोणताही वन्य पशू. म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि वानर शाखामृग. नाहीतर फांदीवर हरीण कसं बसेल?

मग देवराचा खरा इंग्रज भाऊबंद कोण? जुन्या इंग्रजीतला 'ताकोर', नवऱ्याचा भाऊ. दिसायला काही साम्य नाही, हो ना? पण आपल्याकडच्या मूळ 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' येतो: दोन आणि टू, दहा आणि टेन, दात आणि टूथ. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने 1822 मध्ये हा नियम मांडला. आणि 'सून'? तीही होती तिथे: 'स्नोरु'. संस्कृत स्नुषा, तिच्यातला सकार इंग्रजीत 'र' झाला. हे का होतं ते कार्ल व्हर्नर या डॅनिश पंडिताने 1877 मध्ये दाखवलं, आणि त्याचा पुरावा तू रोज बोलतेस: 'वॉज' आणि 'वेअर'. एकाच क्रियापदात एकीकडे स, दुसरीकडे र. इंग्रजांनी पुढे ताकोर आणि स्नोरु दोन्ही टाकून दिले आणि 'इन-लॉ'ची शेपटी जोडून भागवलं. आपण दीर आणि सून अजून सांभाळून आहोत. (सुनेला कसं सांभाळतो, तो विषय वेगळा.)

एवढ्यावरून ध्यानात आलं असेल की सारखा आवाज हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे ठरलेला ध्वनिबदल, आणि तो एका जोडीत नव्हे तर दहा जोड्यांत दिसायला हवा.

'नाइस' आणि 'सिली' लिहिताना तुझा सूर मला थोडा खटकला. नाइस म्हणजे पूर्वी मूर्ख आणि सिली म्हणजे भाग्यवान, हे खरं. पण 'लोक हे शब्द चुकीचे वापरतात' हा शेरा काढ. जुना अर्थ जुना असतो, खरा असतोच असं नाही. नाहीतर उद्या मृग नक्षत्रात कुणी सिंह शोधेल.

आता कामाचं. ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडलास की वरचा अर्थ वाचून मिटू नकोस; खाली उतर, तिथे सालवार वाक्यं दिलेली असतात. त्या कोशाचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि शेवटचा 1928 मध्ये. एवढा काळ खाल्ला तो या वाक्यांनी. हजारो वाचकांनी घरी बसून चिठ्ठ्यांवर ती उतरवून पाठवली होती. एकाच शब्दाची तीन शतकांतली तीन वाक्यं वहीत उतरव, मग गोष्ट लिही. जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टॉलरचा कोश फुकट बघायला मिळतो. त्यात 'थ'साठी एक वेगळं अक्षर दिसेल, थॉर्न नावाचं. पुढे छापखान्यांत त्याच्या जागी 'वाय' बसला, म्हणून दुकानांच्या पाट्यांवर 'ये ओल्ड' दिसतं. तो 'ये' नव्हे, साधा 'द' आहे.

राहता राहिलं 'मंगूस'. त्याचा तू 'गूस', म्हणजे हंसाशी संबंध लावलास! अगं, ते आपलं मुंगूस. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत गेलं, तिथे त्याला हंसाची शेपटी चिकटली, आणि आता अनेकवचन करायची वेळ आली की भले भले अडखळतात. यादी दुरुस्त करून पाठव, पण यातलं मराठी घरातलं आहे, तेवढं तरी आधी लिही.

तुझा,
सर