कडक साहेब आणि वाढलेलं बीपी

‘‘मॅडम, साहेबांमुळे बीपी वाढतं का, की मीच मनाचा कच्चा?’’ फोंड्यात माझ्याकडे सल्ल्याला येणारे बरेच जण हे विचारतात. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चाळिशीचे गृहस्थ, घर डिचोलीला, नोकरी वेर्ण्याच्या औषध कंपनीत, प्रयोगशाळेत. साहेब बदलले तेव्हापासून छातीत जळजळ, मान आखडलेली, झोप नाही. आधीचे साहेबही कडकच होते म्हणे. पण ओरडा कशाबद्दल बसणार ते आधी कळायचं. नवे साहेब सकाळी एक सांगणार, दुपारी दुसरं, आणि चूक मात्र सगळ्यांदेखत यांची. रात्री जेवायला बसलं की व्हॉट्सअॅप.

नुसत्या शिस्तीने माणूस आजारी पडत नाही. पुढच्या घटकेला काय होईल याचा नेम नाही आणि आपल्या हातातही काही नाही, हे रोजचं झालं की शरीर सतत सावध राहतं. कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं, नाडी, रक्तदाब, सगळं चढलेलं. ब्रिटनमध्ये १९८५ पासून १०,०००हून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. तेव्हा ‘मनाचा कच्चा’ हा शब्द मी खोडूनच टाकला.

आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. छातीतली जळजळ ‘टेन्शन’ म्हणून सोडायची नसते. ईसीजी ठीक निघाला, बीपीची गोळी सुरू झाली. मग घरी पाच मिनिटं शांत बसून बीपी मोजायचं आणि वहीत लिहायचं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीत आकडे उतरले, तेही नेवऱ्यांवर (करंज्यांवर) ताव मारून! एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण त्यांना धीर आला.

तोंडी सूचना मिळाली की लगेच दोन ओळींचा ईमेल: ‘सर, आज आधी ही बॅच घेतो.’ साहेब सुरुवातीला चिडले. नंतर दुपारचं पलटणं कमी झालं, कारण लिहिलेलं समोर होतं. रात्रीच्या निरोपांचं मात्र काही जमलं नाही.

बायको म्हणत होती, सोडा नोकरी. घराचं कर्ज डोक्यावर असताना असा सल्ला मी देत नाही. त्यांनी दुसऱ्या विभागात बदली मागितली आहे, उत्तर यायचंय. झोप बरीच सुधारली. गोळी चालूच आहे. ती कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील.