नवीन मेंटॉरसाठी: पहिल्या तीन महिन्यांत एवढंच सांभाळा

मुलाला भेटायचा वार आणि वेळ आधी ठरवा. आठवड्यातून एकदा, तास-दीड तास, पण चुकवायचं नाही. सुरुवातीच्या उत्साहात तीन वार कबूल केले जातात, मग ऑफिस आणि लोकल आडवी येते आणि मूल धरून चालतं की हा मेंटॉरही सोडून जाणार. न येणं टळत नसेल तर आदल्या दिवशी स्वतः फोन करा.

पहिल्या दोन-तीन भेटींत सल्ला नको. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यासाला जागा कुठे, पाणी भरायची पाळी कोणाची, हे कळल्याशिवाय ‘रोज पहाटे उठून वाच’ म्हणण्यात अर्थ नाही.

दहावीचं मूल असेल तर खरी मदत कागदपत्रांची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारवरचं नाव शाळेच्या दाखल्याशी जुळतं का, हे दिवाळीतच बघा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम मित्रांचा बघून भरू देऊ नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या हातच्या जातात. आयटीआयची माहितीही सोबत द्या. ते काही कमीपणाचं नाही.

हे मात्र टाळा:
- उसने पैसे, मोबाइल रिचार्ज
- बंद खोलीत एकट्याने भेटणं
- ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. संस्थेच्या समन्वयकाला लगेच सांगा. मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८ पाठ असू द्या.

करिअर चाचण्या वगैरे नंतर बघू.