पेटन मॅनिंगचे दोन हंगाम आणि क्वार्टरबॅकच्या नावावरचे विजय

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, किती चांगला, हे त्याच्या संघाच्या विजयांवरून ठरवावं का, असं तुम्ही विचारलंय. एका हंगामापुरतं विचाराल तर माझं उत्तर साफ 'नाही' असं आहे.

पेटन मॅनिंगचंच बघा. २०१३ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून त्याने ५५ टचडाऊन पास (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोललाइनपलीकडे पोहोचवून गुण मिळवणारे) टाकले आणि पासांवर ५,४७७ यार्ड अंतर काढलं. दोन्ही आकडे तेव्हाचे विक्रम. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, मात्र सिअ‍ॅटलने डेन्व्हरला ४३-८ असं धुतलं. दोन वर्षांनी, ३९ व्या वर्षी, त्याच्या हातात पूर्वीचा जोर राहिला नव्हता. २०१५ च्या साखळी सामन्यांत मिळून ९ टचडाऊन आणि तब्बल १७ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास! कॅन्सस सिटीविरुद्ध तर २० पैकी ५ पास लागले, ४ प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले आणि प्रशिक्षकांनी त्याला सामना चालू असतानाच बाहेर बसवलं. त्याच हंगामात डेन्व्हरने सुपर बोल जिंकला. अंतिम सामन्यात मॅनिंगचे यार्ड किती? १४१. सामनावीर ठरला बचावफळीतला व्हॉन मिलर. त्याने कॅम न्यूटनच्या हातून दोनदा चेंडू उडवला आणि डेन्व्हरचे दोन्ही टचडाऊन त्यातूनच आले.

सुपर बोल जिंकला की हरला, यावरून ठरवायचं म्हटलं तर थकलेला मॅनिंग ऐन भरातल्या मॅनिंगपेक्षा सरस ठरतो. पटतंय?

खेळाची रचनाच अशी आहे की चेंडू समोरच्या संघाकडे असला की क्वार्टरबॅक बाकावर बसून नुसता बघत असतो. जानेवारी २०२२ मध्ये बफेलोच्या जॉश अ‍ॅलनने कॅन्सस सिटीविरुद्ध १३ सेकंद बाकी असताना आपला चौथा टचडाऊन पास टाकून आघाडी मिळवून दिली. तेवढ्या १३ सेकंदांत बचावफळीने बरोबरीचा फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) होऊ दिला. जादा वेळेत नाणेफेक कॅन्सस सिटीने जिंकली, पहिल्याच चढाईत टचडाऊन केला आणि तेव्हाच्या नियमानुसार सामना तिथेच संपला. अ‍ॅलनच्या हातात चेंडू आलाच नाही. पुढे प्लेऑफसाठी, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीसाठी, हा नियम बदलला, पण अ‍ॅलनच्या नावावरचा पराभव काही पुसला गेला नाही.

अख्ख्या कारकिर्दीची गोष्ट थोडी वेगळी. टॉम ब्रेडीचे साखळीतले २५१ विजय नुसत्या नशिबाने येत नाहीत. शिवाय क्वार्टरबॅकने आपल्याच गोललाइनजवळ इंटरसेप्शन दिलं, तर नंतर खाल्लेले गुण बचावफळीच्या माथी मारणंही बरोबर नाही. त्यामुळे मी बघतो ते हे: तिसऱ्या डाऊनला, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात, तो काय करतो, अंगावर बचावपटू धावून आल्यावर डोकं शांत राहतं का, आणि चेंडू किती वेळा फुकट घालवतो.

उरला सुपर बोल जिंकणाऱ्यांना मिळणाऱ्या अंगठ्या मोजण्याचा प्रकार. तो मला अगदीच पोरकट वाटतो. डॅन मरीनो १७ हंगाम खेळला आणि एकही सुपर बोल न जिंकता निवृत्त झाला. ट्रेंट डिल्फरने २००० च्या हंगामात बॉल्टिमोरबरोबर तो जिंकला, तोही एका जबरदस्त बचावफळीच्या जोरावर. त्या विजयाचं श्रेय डिल्फरचं किती, हे बॉल्टिमोरला नेमकं ठाऊक होतं. पुढच्या हंगामाआधीच त्यांनी त्याला सोडून एल्व्हिस ग्रबॅकला घेतलं.