इंग्रजीतील 'फेट' आणि 'डेस्टिनी' यांत फरक काय?

दोन्ही शब्द लॅटिनमधून आले असले, तरी त्यांच्या मुळाशी निरनिराळ्या कल्पना आहेत. 'फेट' हा 'फातुम', म्हणजे 'बोलले गेलेले', या शब्दापासून आला असून देवतेने उच्चारलेला, म्हणून न टळणारा निर्णय असा त्याचा मूळ भाव आहे. 'डेस्टिनी'च्या मुळाशी मात्र 'पक्के करणे, नेमून देणे' या अर्थाचे क्रियापद आहे. त्यामुळे 'फेट' पुष्कळदा अशुभ शेवटासाठी, तर 'डेस्टिनी' एखाद्याच्या वाट्याला यायच्या मोठ्या कार्यासाठी वापरतात. आपले 'प्रारब्ध' पूर्वकर्माशी जोडलेले असल्यामुळे या दोन्हींत नीट बसत नाही. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो 'वीअर्ड': आज 'विचित्र' या अर्थाने रुळलेला हा शब्द जुन्या इंग्रजीत नियतीचेच नाव होता.