काढायचा राहून गेलेला दुपट्टा

"मॅडम, माझी मुलगी हिजाब घालायला लागलीय. तिला कुणी नादाला लावलंय का, तेवढं बघा."

शबानाताई अजून खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. 2024 चा जुलै महिना होता. (नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला मायलेकी दोघींची संमती आहे.) ताई 46 वर्षांच्या, मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, ठाण्याच्या बाजूला एका मराठी शाळेत गणित शिकवतात. सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, डोकं उघडं. मुलगी अल्फिया 20 वर्षांची, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिने गेले चार महिने डोक्याला स्कार्फ बांधायला सुरुवात केली होती. घरात कुणी सांगितलेलं नाही. वडील बरीच वर्षं कुवेतला होते, हृदयाचं दुखणं निघाल्यावर कायमचे परत आले. त्यांचं म्हणणं, "चांगलंच आहे की." ताईंची मात्र झोप उडाली होती.

मी समुपदेशक, त्यामुळे ही काळजी माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येते. कुणाची मुलगी डोकं झाकत नाही म्हणून, कुणाची झाकायला लागली म्हणून. दोन्ही ठिकाणी आईबापांना वाटत असतं की लेकरू आपल्या हातातून निसटलं.

ताईंची भीती पोकळ नव्हती. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने वर्गात हिजाब, नकाब, बुरखा, टोपी चालणार नाही असा नियम काढला होता, त्याविरुद्ध नऊ मुली मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि 26 जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली होती. त्याआधी 2022 साली कर्नाटकात हिजाबबंदीवरून मुलींची वर्षं वाया गेलेली ताईंनी रोज टीव्हीवर पाहिली होती. त्या प्रकरणात 13 ऑक्टोबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगवेगळे निकाल दिले होते. "न्यायमूर्तींचं एकमत होत नाही, तर मी मुलीला काय सांगू? उद्या प्लेसमेंट आहे तिची," ताई म्हणाल्या.

मी त्यांना धीर द्यायला माझ्या आजीची गोष्ट सांगितली. वाईच्या वाड्यात मोठ्या माणसांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी आजी. ताईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "तुमच्या आजीच्या पदरावरून कुणी कोर्टात गेलं नाही, मॅडम."

तेव्हापासून मी ती गोष्ट कुणालाही सांगत नाही. आपल्या घरचा पदर दाखवून दुसऱ्याच्या घरचं दुखणं हलकं करू नये, हे मला त्या दिवशी कळलं.

अल्फिया पुढच्या आठवड्यात एकटी आली. पावसात भिजून आली होती, म्हणून आधी तिने स्कार्फ सोडला. खोलीत आम्ही दोघीच. दोन टाचण्या ओठांत धरल्या, ओला जॉर्जेट झटकला, आतली सुती टोपी, ज्याला मुली इनर कॅप म्हणतात, ती काढली. कपाळावर टोपीच्या कडेची लाल रेघ उमटली होती. पुस्तकांच्या कपाटाच्या काचेत बघत तिने सगळं पुन्हा बांधलं, हनुवटीखाली एक टाचणी, कानामागे एक. मिनिटभराचं काम. मी बघत राहिले, कारण त्या हातांना कसली घाई नव्हती आणि कसली धास्तीही नव्हती.

मी तिला विचारलं, "पहिला दिवस आठवतो?"

हा प्रश्न मी आता सगळ्यांना विचारते. "का घालतेस?" असं विचारलं की मुली तयार उत्तर देतात, बचाव करतात किंवा गप्प बसतात. पहिल्या दिवसाबद्दल विचारलं की गोष्ट बाहेर येते.

अब्बांची बायपास झाली तेव्हा ती आयसीयूबाहेर अकरा दिवस बसली होती. अम्मी शाळा आणि घर सांभाळून रात्री यायची, दिवसा ही बसायची. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने नमाज पढायला सुरुवात केली. कोपऱ्यातल्या बाकाजवळ, दुपट्टा डोक्यावर घेऊन. नमाज झाली की दुपट्टा खांद्यावर. "एके दिवशी जुहर, म्हणजे दुपारची नमाज, झाली आणि तेवढ्यात डॉक्टरांनी बोलावलं. अब्बांची नळी काढली, म्हणाले. मी धावले. संध्याकाळी घरी आले तेव्हा आरशात दिसलं की दुपट्टा डोक्यावरच आहे. काढायचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी मी तो राहू दिला."

मग तिने वाचायला घेतलं. कुराणातल्या सूरह नूर या अध्यायात स्त्रियांना ओढणी छातीवरून घ्यायला सांगणारी आयत, म्हणजे वचन, 31 वी आहे. तिच्या आधीची, 30 वी, पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते. "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "मी आता भावाला म्हणते, आधी तुझी आयत, मग माझी."

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. धर्मात काय फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे हे ठरवणं समुपदेशकाचं काम नाही. परंपरेने चालत आलेल्या फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, प्रौढ बाईने परक्या पुरुषांसमोर केस झाकणं आवश्यक मानलंय. चेहरा झाकण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, आणि एहराममध्ये, म्हणजे हजच्या वेळच्या पवित्र अवस्थेत, तर बाई नकाब लावत नाही. काही आधुनिक अभ्यासक याच आयती वेगळ्या रीतीने वाचतात. या चर्चेत शिरले तर मी माझी खुर्ची सोडून मौलानांच्या खुर्चीत बसते. पण शब्द तरी नीट वापरावेत. हिजाब म्हणजे केस आणि मान झाकणारा स्कार्फ, नकाब चेहऱ्यावरचा, अबाया अंगावरचा सैल झगा. बाहेरची माणसं सगळ्यालाच बुरखा म्हणतात, तिथूनच मुलीला वाटायला लागतं की यांना काही माहीत नाही, यांच्याशी काय बोलायचं.

माझं काम वेगळं. कापड डोक्यावर आल्यापासून मुलीचं बाकीचं आयुष्य वाढतंय की आटतंय, हे मी बघते. मैत्रिणी त्याच आहेत का, की जुन्या सगळ्या एकदम तुटल्या? अभ्यास, खेळ, गाणं, हसणं कुठे गेलं? फोन कुणी तपासतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या तिला काढावासा वाटला तर ती काढू शकते का? अल्फियाला मी हे विचारलं. तिने थोडा विचार केला. "काढू शकते. वाईट वाटेल, पण काढू शकते. अब्बा काही म्हणणार नाहीत. अम्मी तर पेढे वाटेल." ती अजून कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होती. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2017 साली डोकं झाकून खेळायला परवानगी दिली, हे तिनेच मला सांगितलं.

कुणी नादाला लावलेलं नव्हतं.

हेच उत्तर दर वेळी येत नाही. भिवंडीकडची एक नवी सून माझ्याकडे आली होती. लग्नाआधी साधी ओढणी घ्यायची, सासरी नकाबाशिवाय जिना उतरू देत नव्हते, माहेरी फोन करायचा तर दीर शेजारी उभा. तिथे मी आयतींवर एक शब्द बोलले नाही, कारण तो प्रश्न कपड्याचा राहिलाच नव्हता. घरातल्या छळाविरुद्ध 2005 चा कायदा आहे, 181 हा महिलांसाठीचा क्रमांक आहे, माहेरचं कोण पाठीशी उभं राहील, ते बोललो. आणखी एका मुलीची तऱ्हा वेगळीच. एक केस बाहेर दिसला असेल म्हणून दिवसातून वीस-वीस वेळा टाचण्या काढून पुन्हा लावायची, वजू, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुणं, पुन:पुन्हा करायची, तासन्‌तास मोरीत. घरचे म्हणायचे, किती परहेजगार, धर्म पाळणारी मुलगी. तिची आजी एकटी म्हणाली, "हा वसवसा आहे," म्हणजे मनात सतत येणारी शंका. आजीचं बरोबर होतं. तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी होता, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या औषधांनी आणि उपचारांनी ती सावरली. तिचा स्कार्फ आजही डोक्यावर आहे, एकदाच बांधलेला.

अल्फियाचं निदान आईला सांगितलं की काम संपलं, असं मला वाटलं होतं. मी ताईंना सांगितलं, मुलगी ठीक आहे. ताईंच्या चेहऱ्यावर सुटका दिसायला हवी होती. त्या रडायला लागल्या.

लग्न झालं 1999 ला. माहेरी आईच्या डोक्यावर साडीचा पदर, बस्स. सासरी पहिल्याच दिवशी बुरखा हातात ठेवला. नवरा कुवेतला, तो फोनवर म्हणायचा, आईचं ऐक. 2005 ला शाळेत नोकरी लागली. घरातून बुरख्यात निघायचं, एसटी स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीत तो काढायचा, साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून डब्याखाली ठेवायचा, शाळेत जायचं. येताना उलट. "त्या जागेचा वास अजून माझ्या नाकात आहे, मॅडम. श्वास रोखून काढायचे. दोन वर्षं." एके दिवशी पिशवीत डाळ सांडली, सासूबाईंना कळलं. महिनाभर घरात वादळ. शेवटी नवरा फोनवर म्हणाला, तुला करायचं ते कर. तेव्हा अल्फिया तीन वर्षांची होती.

"जे काढायला मला आठ वर्षं लागली, ते माझ्या पोरीने आपल्या हाताने बांधलं."

ही खरी काळजी होती. कर्नाटक, चेंबूर, प्लेसमेंट, सगळं खरंच होतं, पण ते वरचं होतं.

मी विचारलं, अल्फियाला हे माहीत आहे? नव्हतं. सासूबाई वारल्या होत्या, मेलेल्या माणसाबद्दल मुलीच्या मनात कशाला विष कालवायचं, म्हणून ताई गप्प होत्या. इतकी वर्षं मुलीला वाटत आलं होतं की अम्मीला दीनाची, म्हणजे धर्माची, फारशी पर्वा नाही. आणि अम्मीला वाटत होतं, पोरीला माझ्या लढाईची पर्वा नाही. एकीला दुसरीची गोष्टच ठाऊक नव्हती.

तिसऱ्या बैठकीला दोघींना एकत्र बसवलं. मी जवळजवळ काहीच बोलले नाही. ताईंनी मुतारी सांगितली, पिशवी सांगितली, डाळ सांगितली. अल्फियाने आयसीयूचं बाक सांगितलं. मग ती म्हणाली, "अम्मी, दादीने तुझ्यावर जे केलं त्यासाठी मी हा बांधत नाही." ताई म्हणाल्या, "मला कळतं. पण मला दिसतं ते तेच." बराच वेळ कुणी बोललं नाही. मला ते वाक्य मोलाचं वाटलं, कारण ताईंनी खोटा होकार दिला नाही. जगात बायकांच्या डोक्यावरचं कापड दोन्ही बाजूंनी ओढलं गेलंय. इराणमध्ये 1936 साली रझाशाहच्या पोलिसांनी ते रस्त्यात उतरवलं आणि 1983 पासून त्याच देशात कायद्याने ते चढवलं. एकाच घरातल्या आजीला आणि नातीला उलट्या उलट्या सक्ती सोसाव्या लागल्या. शबानाताईंच्या घरात कुणी कुणावर सक्ती करत नव्हतं, तरी जुनी सक्ती त्या खोलीत येऊन बसली होती.

मग व्यवहाराचं बोललो. मुलाखतीला जाताना कंपनीचा पोशाखाचा नियम आधीच लेखी विचारायचा, दारात अपमान नको. नीट-जेईईसारख्या परीक्षांना हिजाब चालतो, पण तपासणीसाठी लवकर पोचावं लागतं. ओल्या केसांवर टोपी चढवायची नाही, कपाळावरची रेघ म्हणजे टोपी घट्ट आहे, अंबाडा रोज एकाच जागी ओढून बांधला की तिथले केस विरळ होतात. हे शेवटचं ऐकताना ताईंचा हात नकळत स्वत:च्या अंबाड्याकडे गेला.

9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने चेंबूरच्या त्या नियमातल्या हिजाबबंदीला तात्पुरती स्थगिती दिली. टिळा लावून येणाऱ्या मुलीलाही तुम्ही अडवाल का, असा प्रश्न सुनावणीत विचारला गेला. वर्गात बुरखा मात्र चालणार नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. ताईंनी मला बातमीचा फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात त्या पुन्हा आल्या, या वेळी नवऱ्याच्या पथ्यपाण्यावरून. तो बिर्याणी सोडत नव्हता. निघताना दारात थांबल्या आणि सांगायला लागल्या. इमारतीत एका लग्नघरी मेंदीला दोघी गेल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं, "शबाना, मुलीकडून काहीतरी शिक. बघ, कशी हयादार आहे." हया म्हणजे लाजलज्जा. ताई नेहमीसारख्या हसून सोडून देणार होत्या. अल्फियाच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी. ती हात वर धरून उठली आणि म्हणाली, "खाला, मी हया अम्मीकडूनच शिकले. तिच्या डोक्याचं तिला बघू दे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तिचा स्कार्फ सुटायला आला होता आणि हातांना मेंदी. मला म्हणाली, अम्मी, टाचणी लाव. मी म्हटलं, मला नाही येत. शेजारच्या पोरीने लावली." ताई थांबल्या. "मला खरंच येत नाही, मॅडम. आमच्या वेळी बुरख्याला नाड्या असायच्या."